श्रीलिपीची पीडीएफ प्रेसमध्ये उघडली की सगळा कचरा

दिवाळी अंकाची ९६ पानं पेजमेकर ७ मध्ये लावलीत, फॉन्ट श्रीलिपीचे. माझ्याकडे पीडीएफ झकास दिसते पण प्रेसमध्ये उघडली की मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं नि कंसबिंस, आणि प्रेसवाला म्हणतो फाईलच खराब. उद्या छपाईच्या प्लेट काढायच्यात हो, काय करू?

शाईवाला: फाईल ठीक आहे, फॉन्ट एम्बेड झालेला नाही, म्हणजे पीडीएफच्या आत भरला गेलेला नाही. हे फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नाहीत ना, इंग्रजी कीच्या जागीच मराठी आकार बसवलेत, फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. पीडीएफ बनवणाऱ्या डिस्टिलरमध्ये एम्बेड ऑल फॉन्ट्सला टिक करा आणि एम्बेड फेल झालं तर 'कॅन्सल जॉब' ठेवा, म्हणजे अर्धवट पीडीएफ बनणारच नाही. मग अॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल डी, फॉन्ट्सची यादी बघा.

रात्रपाळी: आणि काळा मजकूर फक्त के १०० (निव्वळ काळी शाई) आहे ना बघा राव, चार रंगांत गेला तर रजिस्ट्रेशन (रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) जरासं हललं तरी काना-मात्रेला लाल-निळी झालर येते. कव्हरला ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई) ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता: सापडलं! मथळ्याचाच एक फॉन्ट राहिला होता. ब्लीड मात्र विसरलोच होतो, आता तेच करत बसलोय.