मदत हवी आहे: गिटहबवरची प्रिंटर लायब्ररी अँड्रॉइड ॲपमध्ये बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

गावच्या दूध संस्थेसाठी एक छोटं ॲप करतोय. दोन्ही वेळच्या संकलनाची नोंद, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर आणि शेवटी उत्पादकाच्या हातात द्यायची ५८ मिमीची पावती. कॉटलिनमध्ये आहे, अँड्रॉइड स्टुडिओ अलीकडचा, बिल्ड फाइल्स (ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाला दिलेल्या सूचना) केटीएसवाल्या, म्हणजे कॉटलिनमध्येच लिहिलेल्या. दरपत्रक, हिशेब सगळं चालतंय. घोडं पेंड खातंय ते दोन लायब्रऱ्यांपाशी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडापाशी.

एक म्हणजे एमपीअँड्रॉइडचार्ट, महिन्याच्या फॅटचा आलेख दाखवायला. दुसरी ब्लूटूथ थर्मल प्रिंटरची. तिची मूळ आवृत्ती मजकूर जसाच्या तसा प्रिंटरकडे पाठवते. प्रिंटरच्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच, त्यामुळे ‘म्हैस’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एका भल्या माणसाने तिचा फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) करून मजकूर आधी चित्र म्हणून रंगवायचा आणि मग पाठवायचा अशी सोय केलीय. अक्षरं अँड्रॉइडच काढत असल्यामुळे जोडाक्षरंही नीट येतात म्हणे. पण हा फोर्क मेव्हन सेंट्रलवर (तयार लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक कोठारात) नाही. गिटहबवर फक्त सोर्स आहे, रिलीज नाही की टॅग (आवृत्तीची खूण) नाही.

दोन्हींच्या रीडमीत प्रोजेक्टच्या बिल्ड फाइलमध्ये ‘ऑलप्रोजेक्ट्स’खाली जिटपॅकचा (गिटहबवरच्या लायब्रऱ्या पुरवणाऱ्या साइटचा) पत्ता द्या असं आहे. तसं केलं तर सिंक करतानाच ‘बिल्ड वॉज कॉन्फिगर्ड टू प्रिफर सेटिंग्ज रिपॉझिटरीज’ असा लांबलचक एरर. मग पत्ता सेटिंग्ज फाइलमध्ये हलवला. तो एरर गेला आणि दोन्ही लायब्रऱ्यांसाठी ‘कुड नॉट फाइंड’ आला. कॅश साफ केली, स्टुडिओ बंद करून उघडला, मोबाइलचं नेट लावून पाहिलं. फरक नाही.

शेवटी फोर्कची झिप उतरवून मॉड्यूल म्हणून आत घेतली, तर ‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’.

रस्ता कोणता धरू? जिटपॅक की सोर्स आत घेणं? संस्थेचे सचिव येता-जाता विचारतात, पावती मराठीत कधी. (कोड मराठीत उच्चारून लिहिलाय, समजून घ्या.)

— दूधगंगा_काठी

खटपट्या:
‘कुड नॉट फाइंड’च्या खाली ‘सर्च्ड इन द फॉलोइंग लोकेशन्स’ अशी यादी असते. ती टाका. लोक वरची लाल ओळ वाचून थांबतात आणि खरी माहिती खाली पडलेली असते.

दूधगंगा_काठी:
दोनच पत्ते आहेत. एक गूगलचं मेव्हन, दुसरं मेव्हन सेंट्रल. जिटपॅकचं नावच नाही यादीत! पण सेटिंग्ज फाइलमध्ये तर ते आहे.

खटपट्या:
मग ते चुकीच्या कप्प्यात आहे. सेटिंग्ज फाइलमध्ये ‘रिपॉझिटरीज’ (शोधायच्या जागा) असा ठोकळा दोनदा येतो. वरचा ‘प्लगिन मॅनेजमेंट’च्या आत असतो, तो ग्रेडलचे प्लगिन शोधण्यापुरता. खालचा ‘डिपेंडन्सी रिझोल्यूशन मॅनेजमेंट’च्या आत, लायब्रऱ्या तिथून शोधल्या जातात. जिटपॅक खालच्यात हवं.

रीडमीतली रीत जुन्या प्रोजेक्टांची आहे. हल्ली नवा प्रोजेक्ट काढला की स्टुडिओ स्वतःच ‘फेल ऑन प्रोजेक्ट रिपोज’ लिहून ठेवतो, म्हणजे बिल्ड फाइलमध्ये कुणी रिपॉझिटरी जोडली की ग्रेडल अडवणारच. तुमचा पहिला एरर तो. काही जण ती ओळच काढून टाकायचा सल्ला देतात, तो मानू नका.

आणखी दोन गोष्टी. केटीएस फाइलमध्ये पत्ता दुहेरी अवतरणात आणि ‘यूआरआय’च्या कंसात द्यायचा. रीडमीतली एकेरी अवतरणं ग्रूव्हीची, म्हणजे बिल्ड फाइल्सच्या जुन्या भाषेची असतात, कॉटलिनमध्ये एकेरी अवतरणात एकच अक्षर मावतं. दुसरं, चार्टची आवृत्ती ‘व्ही३.१.०’ अशी ‘व्ही’सकट लिहा. जिटपॅकवर आवृत्ती म्हणजे गिटचा टॅग, आणि टॅगमध्ये ‘व्ही’ आहे.

दूधगंगा_काठी:
चार्ट आला! आलेखही दिसला. शतशः आभार.

प्रिंटर मात्र अजून ‘कुड नॉट फाइंड’. आता यादीत जिटपॅकचा पत्ता दिसतोय, तरीही. आवृत्तीच्या जागी ‘मास्टर-स्नॅपशॉट’ (मुख्य शाखेची ताजी स्थिती) लिहिलंय, कारण टॅग नाहीत.

ग्रेडलग्रस्त:
इथे जिटपॅक काय करतं ते कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेव्हन सेंट्रलवर लेखकाने बिल्ड करून चढवलेली तयार फाइल असते. जिटपॅक हा ऑर्डर आल्यावर घाणा काढणारा वडेवाला. तुम्ही मागितलंत की ते गिटहबवरच्या रिपॉझिटरीची (सोर्सच्या साठ्याची) प्रत काढतं, आपल्या सर्व्हरवर बिल्ड करतं आणि जे निघेल ते देतं. बिल्ड फसलं तर देण्यासारखं काही नसतं, आणि तुमच्या स्टुडिओला ते ‘सापडलं नाही’ असंच दिसतं.

म्हणून जिटपॅकच्या साइटवर जाऊन त्या रिपॉझिटरीचा पत्ता टाका, कमिटांची (नोंदवलेल्या बदलांची) यादी येईल. लॉगचं चिन्ह लाल असेल तर बिल्ड पडलंय. उघडून वाचा.

बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक निघतं. जावाची आवृत्ती: जिटपॅक काही सांगितलं नाही तर जावा ८ वापरतं, आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ असेल तर जावा १७ लागतं. त्यासाठी रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘जिटपॅक.वायएमएल’ फाइल ठेवून ‘जेडीके’खाली ‘ओपनजेडीके१७’ लिहावं लागतं. किंवा लायब्ररीत ‘मेव्हन-पब्लिश’ प्लगिनच नसतो. मग बिल्ड होऊनही बाहेर काही पडत नाही. किंवा कुणीतरी विंडोजवरून कमिट केल्याने ‘ग्रेडलडब्ल्यू’ फाइलला चालवायची परवानगी नसते. हे तिसरं सापडायला फार छळतं, लॉगमध्ये फक्त ‘परमिशन डिनाइड’ दिसतं.

आणि स्नॅपशॉट नको. उद्या त्या भल्या माणसाने मास्टरवर काही ढकललं की तुमचं ॲप न विचारता बदलणार. शिवाय बदलत्या आवृत्त्या ग्रेडल २४ तास कॅशमध्ये ठेवतं, त्यामुळे आज दुरुस्ती झाली तरी तुम्हाला जुनंच दिसू शकतं. टॅग नसेल तर कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) लिहा, जिटपॅकला तो चालतो.

दूधगंगा_काठी:
लॉग लालच आहे. ‘अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन रिक्वायर्स जावा १७ टू रन, यू आर करंटली यूजिंग जावा १.८’. जिटपॅक.वायएमएल नाही रिपॉझिटरीत. लेखकाला इश्यू टाकलाय, पण शेवटचा कमिट बराच जुना आहे, उत्तर येईलसं वाटत नाही.

खटपट्या:
त्याची वाट कशाला बघता? फोर्कचा फोर्क करा, ती फाइल घाला, स्वतःचा टॅग मारा. ‘कॉम.गिटहब’च्या पुढे आता तुमचं खात्याचं नाव आणि आवृत्तीच्या जागी तुमचा टॅग येईल, बाकी ओळ तीच.

सह्यकडा:
माझं मत वेगळं. संस्थेचं काम आहे, पाच वर्षं चालेल अशी आशा धरा. एका लायब्ररीसाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर का विसंबायचं? २०२१ मध्ये जेसेंटर हे लायब्रऱ्यांचं कोठार बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा किती जणांचे जुने प्रोजेक्ट उघडून दुरुस्त करावे लागले, आठवून बघा. चार्टसारखी हजारो लोक वापरतात ती लायब्ररी जिटपॅकवरून घ्या, हरकत नाही. पण एका माणसाने केलेला, कुणी न सांभाळलेला फोर्क आपल्या घरात असलेला बरा.

झिप नको. झिपमध्ये गिटचा इतिहास नसतो, कुठल्या कमिटवरून उचललं ते सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. ‘गिट सबमॉड्यूल ॲड’ने तुमच्या फोर्कची रिपॉझिटरी ‘लिब्ज’ फोल्डरखाली घ्या. मुख्य प्रोजेक्ट मग नेमका कमिट लक्षात ठेवतो. सेटिंग्ज फाइलमध्ये ‘इन्क्लूड’ करून ‘प्रोजेक्टडिर’ने फोल्डर दाखवा, आणि ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये ‘इम्प्लिमेंटेशन प्रोजेक्ट’. दुसऱ्या मशीनवर क्लोन करताना ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ विसरलात तर तो फोल्डर रिकामा येईल, हे लिहून ठेवा.

नेमस्पेसचा एरर साधा आहे. पूर्वी पॅकेजचं नाव मॅनिफेस्टमध्ये (अँड्रॉइडला ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये) असायचं, प्लगिन ८ पासून ते लायब्ररीच्या बिल्ड फाइलमध्ये ‘नेमस्पेस’ म्हणून द्यावं लागतं. मॅनिफेस्टमधलं ‘पॅकेज’ उचलून तिथे टाका, मॅनिफेस्टमधलं काढा. यानंतर बहुधा ‘इनकन्सिस्टंट जेव्हीएम टार्गेट’ येईल: लायब्ररीतली जावा १.८ आणि कॉटलिन १७ धरून बसते. दोन्हीकडे १७ करा.

ग्रेडलग्रस्त:
सह्यकडांशी सहमत. भर एवढीच, की चार्टसाठी जिटपॅक ठेवताय तर त्या रिपॉझिटरीला ‘कंटेंट’ लावून फक्त ‘कॉम.गिटहब’ने सुरू होणारे गटच तिथे शोधायला सांगा. सिंक जलद होतं, आणि भलत्याच नावाची लायब्ररी तिथून आत यायचा धोका टळतो. परवानाही बघा. मूळ लायब्ररीची परवान्याची फाइल फोर्कमध्ये आहे ना?

दूधगंगा_काठी:
परवाना एमआयटी, फाइल आहे.

सबमॉड्यूलचा रस्ता धरला. नेमस्पेस, मग सांगितल्याप्रमाणे जेव्हीएम टार्गेट, मग एकदाचं बिल्ड झालं. चार्ट जिटपॅकवरूनच ठेवलाय, ‘कंटेंट’ लावून. पावती निघाली! ‘म्हैस’, ‘श्रीपती’, ‘एकूण रक्कम’, सगळं वाचता येतंय.

फक्त उजवीकडून पावती कापली जाते. रकमेतले शेवटचे दोन आकडे कागदाबाहेर. उत्पादक ऐकून घेणार नाहीत! हे लायब्ररीतलं की माझ्या कोडमधलं?

सह्यकडा:
चित्राची रुंदी किती ठिपके ठेवलीय लायब्ररीत? ५७६ दिसलं तर ते ८० मिमीच्या प्रिंटरचं माप आहे. ५८ मिमीच्या कागदावर छापायची जागा ४८ मिमी, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ३८४.

दूधगंगा_काठी:
५७६च होतं. ३८४ केलं, आकडे आत आले. माझ्या फोर्कमध्ये कमिट करून सबमॉड्यूल पुढे सरकवलंय. धागा सुटला असं समजावं.