नेदरलँड्सच्या पीएचडीचा होकार हातात, अमेरिकेची वाट बघतेय. काय करू?

सांजवेळ: मास्टर्स संपत आलंय. नेदरलँड्सहून होकार आलाय, अमेरिकेचे निकाल बाकी आहेत. सगळे नुसतं 'जा' म्हणतात. तिकडे राहून आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

खडूफळा: मी नेदरलँड्समध्येच केली. मोठं सुख म्हणजे तिथे पीएचडीवाला बहुतेक वेळा नोकरदार असतो: चार वर्षं पगार, भरपगारी रजा, पेन्शनसुद्धा. मात्र पहिला करार बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाचाच असतो, काम बघून वाढवतात. व्हिसाही त्याच नोकरीवर, त्यामुळे ते पहिलं वर्ष जीव टांगणीला.

आता माझं रडगाणं. दुसऱ्या वर्षी गाइडने विद्यापीठ बदललं. प्रयोगाचा लेझर खोक्यांत भरून त्यांच्याबरोबर गेला, मी मागे. पाच महिने रिकाम्या टेबलावरची बोल्टची भोकं बघत बसलो. वेळ जावा म्हणून गणितं मांडली, तेच पुढे प्रबंधाचं तिसरं प्रकरण झालं. पण तेव्हा रोज सोडून यावंसं वाटायचं. म्हणून आत्ताच विचारून घे: गाइडची नोकरी कायम आहे का, निवृत्तीला किती वर्षं आहेत, दुसरा गाइड कोण.

भाषेचं म्हणशील तर लॅबमध्ये सगळं इंग्रजीत. कॉफीच्या मशीनपाशी मात्र गप्पा डचमध्ये वळतात आणि आपण कप ढवळत उभे.

शेवटचा व्हायवा भारी असतो. एका प्रश्नात पुरता अडकलो होतो, तेवढ्यात बरोब्बर ४५ मिनिटांनी समारंभाचा लांब दंड हातात घेतलेली विद्यापीठाची बाई आत आली, तो आपटला आणि म्हणाली, 'होरा एस्ट'. लॅटिनमध्ये 'वेळ झाली'. अर्ध्या वाक्यावर सुटलो!

उलटतपासणी: अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरून चाल. सुरुवातीला कोर्सेस, मग क्वालिफाइंग परीक्षा. गाइड ठरवायला बऱ्याच विभागांत वर्षभर मिळतं, हा मोठा फायदा. नाहीच जमलं तर अनेक ठिकाणी मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. तुझ्याकडे ती पदवी असेलच म्हणा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम, तेव्हा स्टायपेंड किती वर्षांचा ते पत्रात नीट वाच.

सांजवेळ: @खडूफळा, गाइडना मेल लिहितेय. 'तुमची नोकरी कायम आहे का' हे विचारायचं कसं? तासभर लिहितेय आणि खोडतेय.

खडूफळा: अगदी असंच विचार. आडवळणाने लिहिलंस तर त्यांना कळायचंच नाही.