मदत हवी आहे: आठवीला हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवायचाय, लेकरं नुसती तारीख पाठ करायलेत

बोरीकाठ
नमस्कार मंडळी, मी उमरगा भागातल्या जि.प. शाळेवर आहे, आठवीचा इतिहास माझ्याकडंच. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आपला मराठवाडा सुटला त्या मुक्तिसंग्रामाचा भाग जवळ आलाय अन् मला तो वाचून, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देऊन उरकायचा नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, तारीख सगळ्यांना पाठ असते, पण देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तर मग पुढचे १३ महिने आपण कुठं होतो असं विचारलं की वर्ग गप्प. हे माझ्या मनाला फार लागतं कारण हे सगळं ह्यांच्याच पणजोबांच्या डोळ्यांदेखत झालंय.

साधनं म्हणाल तर लोकवर्गणीतला एक स्मार्ट टीव्ही आहे, लाइटचा नेम नाही. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात पण वर्गात रेंज नाही, म्हणून घरून व्हिडिओ पेनड्राइव्हवर नेते. व्हिडिओ चालू असला की लेकरं शांत बसतात, दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र जमली. घरात जुनं काय असेल ते आणा म्हणले तर एका पोरीनं आजीच्या देवघरातलं चारमिनारचं नाणं आणलं, कडा झिजलेल्या, अक्षरं अर्धी पुसलेली. हे पैसे कुणाचे, आपल्या गावात कसे चालायचे, ह्यावर अख्खा तास गेला, अन् एकजण म्हणाला आमच्या शेताच्या जुन्या खासऱ्यावर (जमिनीच्या कागदावर) पण असलीच उर्दू अक्षरं आहेत.

आता पुढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती मोबाईलवर घ्यायला लावायच्यात, पण ती तेव्हा लहान होती, ऐकलेलं अन् पाहिलेलं एकत्र होतं, ते कसं वेगळं काढावं? नकाशाचं काय करावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गात मुस्लिम लेकरं आहेत, रझाकार (निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना) शब्द आला की बाकीची त्यांच्याकडं वळून बघतात अन् ती खाली मान घालतात. मला हे अजिबात चालणार नाही. कुणी ह्याच्यावर काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

जुना_मास्तर
मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून घेतो कारण तो सुटला नाही तर बाकीचं सगळं वाया जाईल. रझाकार शब्दाच्या आधी शोएबुल्ला खान शिकवा. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचे, रझाकारांच्या विरोधात अन् भारतात विलीन व्हावं म्हणून लिहायचे, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. हे नाव फळ्यावर आधी आलं की लढा राजवटीविरुद्ध होता, शेजाऱ्याविरुद्ध नव्हता, हे वेगळं सांगावं लागत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचं सैन्य संस्थानात शिरलं त्यानंतर, मुस्लिम वस्त्यांवर जे अत्याचार झाले ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाठवलं होतं, तेही लपवू नका, वयाला झेपेल इतकं सांगा, लेकरं समजून घेतात.

आणि १९३८ चं वंदे मातरम आंदोलन घ्याच, गाणं म्हटलं म्हणून पोरांना होस्टेल-कॉलेजातून काढलं होतं. आठवीच्या पोराला नेत्यांच्या यादीपेक्षा हे जवळचं वाटतं.

नकाशा तर तुमच्या दारातच आहे की! १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य सोलापूरकडून आत शिरलं, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हातात आलं, मग उमरग्याच्या बाजूनं पुढं हैदराबाद. रोज ज्या हायवेच्या कडेनं लेकरं शाळेत येतात तोच रस्ता. घरी वायफायवर गुगल मॅप्सचा तेवढा भाग ऑफलाइन सेव्ह करून ठेवा, नाहीतर सरळ पटांगणात चुन्यानं आखा अन् लेकरांनाच सोलापूर, नळदुर्ग, उमरगा म्हणून उभं करा.

तेरची_माती
ताई, मुलाखतीला वहीचं पान मधोमध दुमडायला सांगा, एका बाजूला 'मी पाहिलं', दुसऱ्या बाजूला 'मला सांगितलं'. प्रत्येक वाक्यानंतर पोरानं विचारायचं, आजी हे तुम्ही बघितलं का? तारखा विचारूच नका. शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचे, बाजारात कोणते पैसे चालायचे, घर सोडून कुठं गेला होतात, हे विचारा. आमच्याकडं बऱ्याच घरांतून बार्शी अन् सोलापूरची नावं आली, मग संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं का गेले हा धडा आपोआप उघडला. रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्या, काहींना रडू येतं, तिथं फोन बंद करायला आधीच शिकवून ठेवा.

उजळणीसाठी प्लिकर्स नावाचं अ‍ॅप बघा. लेकरांना छापील कार्डं, फोन फक्त तुमचा, कार्ड ज्या बाजूनं वर धरतील ते उत्तर कॅमेरा वाचतो. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड पडला की कार्ड वाचत नाही.

बोरीकाठ
सर, ताई, मनापासून आभार. शोएबुल्ला खान उद्याच घेते. ताई, आमच्यातल्या काही लेकरांच्या घरी आता तेवढं जुनं कुणीच राहिलं नाही, त्यांना गावातल्या दुसऱ्या घरी पाठवलं तर चालतं का? का दोघा-तिघांचा गट करून एकाच आजोबांकडं न्यावं?