मदत हवी आहे: थंडी सरली, कुंड्यांना फूट आली. आधी काय करू?

नमस्कार. कुंड्यांतल्या बागेची वसंतातली कामं कुठल्या क्रमाने करायची, यासाठी मदत हवी आहे.

एकूण चौदा कुंड्या आहेत: गुलाब पाच, जास्वंद तीन, मोगरा चार आणि कलमी लिंबू दोन. कुंड्या १० ते १२ इंची. शिवाय टोमॅटो आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये आहेत.

सध्याची स्थिती अशी: गुलाबांना लालसर कोवळी फूट आलीय, पण निम्म्या काड्या वाळल्यासारख्या दिसतात. जास्वंदाच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे. मोगऱ्याला पाणी घातलं की क्षणात खालून निघून जातं, तरी झाडं मलूल. एका लिंबाची पानं पिवळी पडताहेत. टोमॅटोची रोपं चार दिवसांपूर्वी ताठ होती, आता मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन आडवी पडताहेत.

येत्या सुट्टीच्या दोन दिवसांत सगळ्यांची माती बदलून, छाटणी, खत आणि फवारणी उरकून टाकायचा विचार आहे. चालेल का? आणि टोमॅटोची रोपं वाचतील का?

प्रतिसाद १

चौदाच्या चौदा कुंड्यांवर दोन दिवसांत सगळं करू नका. वसंतात झाडं मरतात ती बहुतेक अशा घाईने. माती बदलताना केसासारखी बारीक मुळं तुटतात आणि पाणी ओढायचं काम तीच करत असतात. त्याच आठवड्यात खत घातलं की मातीच्या पाण्यात क्षार वाढतात, तुटक्या मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं आणि पानांच्या कडा करपतात. मग झाड सुकलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही कुजतात.

रोपं आणि मावा थांबणार नाहीत, त्यामुळे ते आजच बघा. पुढच्या दोन-चार दिवसांत छाटणी. त्यानंतर ज्या कुंड्यांना खरंच गरज आहे तेवढ्यांचीच माती बदला. त्या कुंड्यांना खत तीन-चार आठवड्यांनी, नवी फूट जोमाने वाढायला लागल्यावर. ज्यांची माती बदलणार नाही त्यांना आता खत चालेल: १२ इंची कुंडीला दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वरच्या दोन इंच मातीत खुरपीने हलकेच मिसळून. खत घालण्याआधी माती ओली हवी. कोरड्या मातीत खत हीसुद्धा नेहमीचीच चूक.

आता गुलाब. काडी वाळलीय की जिवंत आहे हे रंगावरून ठरवू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर काडी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर एकेक इंच खाली येत पुन्हा खरवडा आणि हिरवं लागलं की त्याच्या खालच्या पहिल्या चांगल्या डोळ्यावर (जिथून कोंब फुटतो त्या उंचवट्यावर) कापा. डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असलेला निवडा. काप डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर आणि डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. फार वर कापलं तर उरलेला खुंटा वाळत वाळत खाली येतो, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. कापल्यावर आतला गाभा पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर अजून खाली जा.

आधी मेलेल्या काड्या, मग रोगट, मग एकमेकींना घासणाऱ्या. एवढ्यावर झाड बहुतेक मोकळं होतंच. फूट आलेली असताना निम्म्याहून जास्त झाड छाटू नका, साठवलेलं अन्न त्याने नुकतंच त्या फुटीवर खर्च केलेलं असतं. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कापावर काही लिंपायची गरज नसते.

प्रतिसाद २

वरच्या क्रमाला अनुमोदन. रोपांबद्दल लिहितो/लिहिते.

आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत. बुरशीने देठ मातीलगत पिळवटतो, आधार देऊन किंवा माती चढवून उपयोग होत नाही. ती आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढून टाका. उभी असलेली वाचवायची तर ट्रेवरचं झाकण काढा, वरून पाणी बंद करा, हवा खेळती ठेवा. मातीचा वरचा थर कोरडा दिसू द्या आणि मग ट्रे उथळ पाण्यात १५-२० मिनिटं ठेवून खालूनच पाणी द्या.

कारणं जवळजवळ नेहमी हीच: बागेतली किंवा जुन्या कुंडीतली माती वापरणं, दाट पेरणं, उगवल्यावरही झाकण तसंच ठेवणं आणि रोज वरून शिंपडणं. पुन्हा पेराल तेव्हा ट्रे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून धुवा. मिश्रण नवं घ्या: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात क्षार असतात. भिजवून पिळायचं, असं दोन-तीनदा. बी त्याच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर, म्हणजे टोमॅटो-मिरचीसाठी अर्धा ते एक सेंटीमीटर. २५ अंशांच्या आसपास उबेत टोमॅटो आठवडाभरात उगवतो, मिरचीला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. मिरची उगवली नाही म्हणून उकरून बघू नका.

रोपं लांबुळकी होत असतील तर तो उजेडाचा तुटवडा आहे, खताचा नव्हे. चार-पाच खरी पानं (बियातून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की मोठ्या कुंडीत लावायची, पण त्याआधी सात ते दहा दिवस उन्हाची सवय हवी. पहिल्या दिवशी सावलीत एक-दोन तास, मग रोज थोडं वाढवत सकाळच्या उन्हात. थेट उन्हात ठेवलेल्या रोपांच्या पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात आणि ती पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. लावताना टोमॅटोचं देठ खालची पानं काढून खोलवर पुरलं तरी चालतं, त्याला मुळं फुटतात. मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर.

धागाकर्ती

खूप आभार. रोपं वेगळी केली. मोगऱ्याची एक कुंडी उलटी करून पाहिली: मातीचा गोळा जसाच्या तसा बाहेर आला, कडेने पांढऱ्या मुळांची जाळी गोल गोल फिरलेली. तळाशी दोन इंच खडी होती, तिथली थोडी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. थेट १८ इंची कुंडीत हलवू का, म्हणजे पुन्हा पुन्हा करायला नको? आणि लिंबाची पिवळी पडलेली पानं शेंड्याकडची आहेत, शिरा मात्र हिरव्या. एप्सम सॉल्ट घालायचा सल्ला मिळालाय.

प्रतिसाद ३

१८ इंची नको. आत्ता १० इंचीत असेल तर १२, १२ मध्ये असेल तर १४. मोठ्या कुंडीत मुळं पोचलेली नसतात तिथलं पाणी कुणीच ओढत नाही. माती आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजायला तिथूनच सुरुवात होते.

खडीचा थर काढून टाका. निचरा वाढतो म्हणून घालतात, पण होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत खालच्या खडीत उतरत नाही. म्हणजे ओला थर तळाशी राहायचा तो वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. तुमची तपकिरी मुळं तिथेच होती. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा, माती अडवण्यापुरती, आणि तिथून वर सगळं एकच मिश्रण. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट. माती चिकण असेल तर निम्म्या कोकोपीटच्या जागी परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू.

बुळबुळीत मुळं कापा. गोल फिरलेल्या जाळीला धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभे काप द्या आणि बोटांनी सैल करा, नाहीतर नव्या मातीतही मुळं त्याच वर्तुळात फिरत राहतात. याहून मोठी कुंडी ठेवायची नसेल तर बाहेरची आणि तळाची पाव भाग मुळं कापून त्याच कुंडीत नवी माती घालता येते. पण मग वरची वाढही तेवढीच कमी करा. झाड आधी होतं त्याच पातळीवर बसवा आणि काठापासून इंचभर जागा मोकळी ठेवा, पाणी थांबायला. माती दाबून बसवू नका, पाण्याने बसू द्या. आठ-दहा दिवस फक्त सकाळचं ऊन.

पाणी लगेच निघून जायचं कारण दोनपैकी एक असतं: अशी मुळांची गर्दी, नाहीतर कोरडी माती आक्रसून कुंडीच्या कडेला पडलेली फट. बाकी तीन मोगऱ्यांत फट दिसली तर बदलायची घाई नको. कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, साधारण अर्धा तास, आणि मग निथळू द्या.

प्रतिसाद १ (पुन्हा)

लिंबाला एप्सम सॉल्ट नको. त्यात मॅग्नेशियम असतं आणि मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या ही खूण लोहाची. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. माती सतत ओली, अजून गार किंवा पाण्यामुळे अल्कधर्मी झालेली, ही त्याची कारणं. आधी पाणी आवरा. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्याल तेव्हा तळातून बाहेर येईपर्यंत. ऊब वाढल्यावरही नवी फूट पिवळीच आली तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) द्या. अल्कधर्मी मातीत ईडीटीए प्रकारचं फारसं लागू पडत नाही, ईडीडीएचए घ्या. मात्रा पाकिटावर असेल तेवढीच.

दोन्ही लिंबांचा कलमाचा जोड एकदा बघून घ्या. जोडाच्या खालून जोमदार, काटेरी फूट आली असेल तर ती खुंटाची (ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची), कोवळी असतानाच बोटांनी मुळापासून ओढून काढा. नुसती कापली तर तिथूनच दोन फुटतात. कलमी गुलाबांनाही हेच. आणि जोड मातीखाली गाडू नका.

प्रतिसाद ४

मावा: औषध लगेच नको. शेंडा हाताने धरून पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, दोन-तीन दिवसांआड तीनदा. त्यानंतरही राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलि सौम्य द्रवसाबण. आधी साबण पाण्यात, मग तेल, आणि फवारताना बाटली हलवत राहा, तेल वर तरंगतं. संध्याकाळीच मारा, उन्हात कोवळी फूट भाजते. एका फांदीवर मारून एक दिवस वाट बघा. उमललेल्या फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, मुंग्या माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याची राखण करतात. आणि नत्राचं खत आवरा, कोवळी रसाळ फूट मावा लगेच गाठतो.

जमिनीत वाफे असलेल्या वाचकांसाठी एक: वाफसा (माती खणण्याजोगी ओल) आल्याशिवाय कुदळ घालू नका. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर थांबा, ओल्या मातीत खणलं की ढेकळं विटेसारखी वाळतात. जिथे रात्री दंव गोठतं तिथे टोमॅटो-मिरचीसारखी नाजूक रोपं शेवटचं गोठणारं दंव पडून गेल्याशिवाय बाहेर लावू नका, आणि माती उबदार झाल्याशिवाय आच्छादनही घालू नका, खालची माती गारच राहते. घालाल तेव्हा पाच सेंटीमीटर जाड, खोडाभोवती चार बोटं जागा सोडून. खोडाला टेकलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं.

धागाकर्ती

एका लिंबाला जोडाच्या खालून खरंच काटेरी फूट होती, वीतभर. ती पेन्सिलीएवढी जाड आहे, बोटांनी निघत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

एवढी जाड ओढली तर खोडाची साल सोलून निघेल. बुंध्याभोवतीची माती बाजूला करा, फूट जिथून निघते तिथे धारदार चाकूने खोडालगत सपाट कापा, खुंटा ठेवू नका. काप उघडा वाळू द्या. दर पंधरवड्याला तिथे हात फिरवा, नवा कोंब लागला तर अंगठ्यानेच निघेल.