नाण्यांची हातचलाखी: सरावाला वेळ कुठून काढता?

खण्णकन_पडलं
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.
मला नाण्यांच्या हातचलाखीचा नाद लागून आठ महिने झाले आणि खरं सांगायचं तर आठ महिन्यांत जेवढं यायला हवं होतं त्याच्या पावपटही आलेलं नाही. दिवसभर नोकरी, संध्याकाळी घरातली कामं, मग दोन वर्षांचं पोर, ते झोपलं की मी आरशासमोर उभा राहतो आणि पाचव्या मिनिटाला नाणं फरशीवर पडतं, मग एकतर पोर उठतं नाहीतर बायको दारात येऊन बघते. ती काही बोलत नाही, तेच जास्त वाईट.
म्हणून मी सगळा सराव सुट्टीच्या दिवसावर ढकलला. सलग तीन तास बसतो, शेवटी शेवटी जमायला लागतं, अंगठ्याचं बूड ठणकायला लागतं, आणि पुढच्या सुट्टीला हातात नाणं घेतलं की गाडी परत पहिल्या स्टेशनवर.
सध्याची परिस्थिती: फिंगर पाम (नाणं बोटांच्या बुडाशी लपवणं) ठीक, फ्रेंच ड्रॉप (नाणं दुसऱ्या हाताने घेतल्याचा आभास) बरा, क्लासिक पाममध्ये (तळव्यात लपवणं) नाणं राहतं पण हात खेकड्यासारखा दिसतो. तर नोकरी-संसार असलेले लोक हे नेमकं बसवता कुठे? आणि आधी काय घोटावं?

चवली_पावली
स्वागत. पंधरा वर्षं करतोय, त्यातली पहिली चार तुझ्यासारखीच वाया घालवली.
वेळ काढायचा नाही, नाणं सोबत ठेवायचं. प्रत्येक पँटच्या खिशात एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, अंथरुणाशेजारी एक. मी क्लासिक पाम ज्याला म्हणतात तो सरावाला बसून कधी शिकलोच नाही. नाणं तळव्यात, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग आणि समोरची करंगळीखालची गादी यांच्यामध्ये अडकवायचं आणि मग त्याच हाताने दार उघडायचं, पेन धरायचं, टाइप करायचं, पिशवी उचलायची. पहिले काही दिवस दर मिनिटाला पडेल, पडू दे. हळूहळू हाताला कळतं की धरायला किती कमी जोर पुरतो. तुझा खेकडा होतोय कारण तू नाणं आवळतोयस, आवळलं की बोटं ताठ होतात.
फक्त गाडी चालवताना नको. हे मी अनुभवाने सांगतोय, जास्त विचारू नका.

गोधडीवाला
आवाजाचं सोपं आहे, पलंगाच्या कडेला उभं राहून सराव करा. पडलं तर गादीवर पडतं, आवाज नाही आणि वाकून शोधायलाही नको. टेबलावर करायचं असेल तर जाड टॉवेलची चौपदरी घडी. मी पाच वर्षं हेच करतोय, घरच्यांना वाटतं मी पलंगासमोर ध्यान करतो.

ठोंब्या
चवलीदादांशी अर्धा सहमत, अर्धा अजिबात नाही.
नाणं दिवसभर हातात ठेवून पकड तयार होते, मान्य. पण व्हॅनिश (नाणं गायब करणं), स्विच (नाणं गुपचूप बदलणं), शटल पास (नाणं एका हातातून दुसऱ्या हातात टाकल्यासारखं दाखवून तिथलं दुसरंच नाणं दाखवणं) असल्या गोष्टी टीव्ही बघता बघता घोटल्या तर चूकच घोटली जाते. मी दोन वर्षं तसं केलं, मग एकदा मोबाइलवर स्वतःचं शूटिंग केलं आणि तोंड लपवावंसं वाटलं. खोट्या हालचालीच्या नेमक्या क्षणी मी डोळे मिटत होतो! आरशात हे कधीच दिसलं नसतं, कारण डोळे मिटल्यावर आरशात बघणार कोण?
त्यामुळे माझा हिशोब असा की पकड कुठेही कितीही, पण हालचाल रोज दहाच मिनिटं आणि ती पूर्ण लक्ष देऊन. त्या दहा मिनिटांत आधी नाणं खरोखर डाव्या हातात ठेवायचं. चार-पाच वेळा, काही न लपवता. बघायचं की खरं ठेवताना उजवा हात नंतर कुठे जातो, नजर कधी वळते, डावी मूठ किती घट्ट मिटते. मग एकदा खोटं करायचं, मग परत खरं. बहुतेक लोक खोटंच शंभर वेळा करतात आणि खरं कसं दिसतं हेच विसरून जातात. बघणाऱ्याला संशय येतो तो हालचाल हळू झाली म्हणून नाही, ती नेहमीपेक्षा वेगळी झाली म्हणून.

चवली_पावली
@ठोंब्या डोळे मिटण्याचा मुद्दा शंभर टक्के. माझी जीभ बाहेर यायची. हालचाल बसून करावी हे मान्य करतो, पण रोज दहा मिनिटंही न मिळणारे लोक असतात, त्यांनी काय खिशातलं नाणंही काढून ठेवायचं का?

ठोंब्या
नाही हो दादा, ठेवा की खिशात. टीव्हीसमोर व्हॅनिश करू नका एवढंच म्हणतोय.

वही_पेन
मी जादूवाली नाही, शिकवणं हा माझा धंदा, पण सुट्टीला तीन तास वाचून राहवलं नाही.
ब्रिटनमध्ये पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना एक प्रयोग झाला होता, १९७८ साली तो छापून आला. चार गट केले. एकाला दिवसातून एकदा एक तास, एकाला एक-एक तास दोनदा, एकाला सलग दोन तास, आणि एकाला दोन-दोन तास दोनदा. एकूण सर्वांत कमी तासांत शिकला तो रोज एकच तासवाला गट. दिवस अर्थातच त्यांना जास्त लागले. आणि गंमत म्हणजे आपल्या वेळापत्रकावर सगळ्यात नाराजही तेच होते, कारण त्यांना वाटत होतं आपण फारच रेंगाळतोय.
तुमचंही तेच आहे. तीन तास बसल्यावर शेवटी शेवटी जमतं, त्यामुळे वाटतं आज शिकलो. रोज दहा मिनिटं केलं तर कुठल्याच दिवशी तसं वाटणार नाही. ते न वाटणं सहन करायचं.

गोधडीवाला
वही-पेन ताई, हे वाचून माझ्या पोहण्याच्या क्लासची आठवण झाली पण ते इथे अवांतर होईल.

आईची_धास्ती
सराव राहू दे बाजूला, आधी हे वाचा. दोन वर्षांचं मूल घरात आहे ना? नाणी मोजून काढा आणि मोजून ठेवा. त्या वयात जे दिसेल ते तोंडात जातं, आणि मूल नाणं गिळतं तेव्हा ते कायम सुखरूप खाली उतरतंच असं नाही, अन्ननलिकेत अडकू शकतं. अंथरुणाशेजारी एक नाणं हा सल्ला तुमच्या घरात बाद. आमच्याकडे हा प्रकार होऊन गेलाय, एक्स-रे, हॉस्पिटल, सगळं. मुलगा आता ठणठणीत आहे, पण ती रात्र नको.

चवली_पावली
@आईची_धास्ती बरोबर बोललात, माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी मुलं मोठी आहेत. ते वाक्य मागे घेतो.

खण्णकन_पडलं
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ताई, आजपासून चारच नाणी, झाकणाच्या डबीत, डबी कपाटाच्या वरच्या कप्प्यात.
दोन शंका. एक, माझे हात कोरडे पडतात, नाणं सटकतं, हा बहाणा आहे की खरं कारण? दोन, नाणं कुठल्या मापाचं घ्यावं, मी सध्या हाताला लागेल ते घेतो.

चवली_पावली
कोरडा हात हे खरं कारण आहे. हात धुऊन थोडं हँड क्रीम लावायचं, ते पूर्ण जिरू द्यायचं आणि मग सुरुवात करायची, तेलकट राहिलं तर उलटं होईल.
मापाबद्दल: इंग्रजी पुस्तकांत जिकडेतिकडे अमेरिकन हाफ डॉलर दिसतो, तो ३०.६ मिलिमीटरचा. मोठ्या पंजाचे लोक जुना चांदीचा डॉलर वापरतात, तो ३८.१. म्हणून तेच विकत घ्यायला पाहिजे असं काही नाही, तिशीच्या आसपासचं, जरा वजनदार आणि कडेला दाते असलेलं कुठलंही नाणं चालेल. गुळगुळीत कडेचं क्लासिक पाममध्ये छळतं. मात्र एकदा ठरवलं की तेच ठेव, रोज माप बदललं तर हाताला ओळख पटत नाही. आणि दोन नाणी एका हातात असली की ती बोलतात, किणकिण करून सगळं फोडतात, तिथे झिजलेली जुनी नाणी बरी.
पुस्तक एकच हवं असेल तर जे. बी. बोबोचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक', १९५२ चं, अजूनही लोक तिथूनच सुरू करतात. पण त्यात एवढं आहे की ओळीने सगळं करायला जाशील तर बुडशील. एक पाम, एक व्हॅनिश, नाणं परत काढायची एक रीत, एवढ्यावर सहा महिने काढ.

उडता_रुपया
कॉइन रोलचं कोणीच बोललं नाही? नाणं बोटांच्या सांध्यांवरून फिरवणं. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मस्त होतो, वेगळा वेळ लागत नाही.

ठोंब्या
मस्त होतो आणि सगळ्यांना सांगतो की या माणसाचे हात तयार आहेत. मग तुम्ही पुढे काहीही केलं तरी लोक हातांवर डोळे रोखून बसणार. मला आवडतो, मी करतो, पण माझ्या मते तो छंदातला छंद आहे. कमी वेळात काय घोटावं असा धागा आहे, तर त्यात तो शेवटी.
मसल पासचं पण सांगून ठेवतो, ते तळव्यातून नाणं वर उडवणं. व्हिडिओत भारी दिसतं म्हणून नवे लोक त्याच्यामागे लागतात आणि तळवा सोलून घेतात. दुखलं की थांबायचं.

उडता_रुपया
हातांवर डोळे रोखू देत, मला आवडतं ;)

खण्णकन_पडलं
तीन आठवड्यांनी अपडेट द्यायला आलोय.
सुट्टीचे तीन तास बंद केले. ऑफिसात डाव्या हाताने माउस, उजव्या तळव्यात नाणं, पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा पडलं की शेजारच्याने विचारलं तुझा खिसा फाटलाय का, मी हो म्हणालो. आता फोनवर बोलताना नाणं आहे हे मीच विसरतो आणि हात धुवायला गेल्यावर बेसिनमध्ये पडतं. खेकडा बराच कमी झालाय.
रात्री पलंगाच्या कडेला दहा मिनिटं, खरं-खोटं, खरं-खोटं. वही-पेन ताई, तुम्ही म्हणालात तसंच, एकाही दिवशी वाटलं नाही की आज काही आलं. पण पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आणि कालचा शेजारी शेजारी लावले तर फरक दिसतो.
आणि परवा बायको दारात आली आणि चक्क बोलली. म्हणाली, खोटं करतोस तेव्हा तुझा उजवा खांदा वर जातो. मी व्हिडिओ पुन्हा बघितला तर खरंच जातोय, आणि मी फक्त हाताचाच क्लोजअप बघत बसलो होतो म्हणून लक्षात नव्हतं आलं. हे कोणाचं झालंय का? खांदा खाली कसा ठेवायचा?

ठोंब्या
झालंय. नाणं न घेता तीच हालचाल कर, खांदा वर जात नसेल तर समज की तो ताण नाणं पडेल या भीतीचा आहे. कॅमेरा लांब ठेव, कमरेपासून वर सगळं दिसलं पाहिजे. आणि वहिनींना दारात उभं नका ठेवू, समोर बसवा.