तंबाखूमुक्तीचे ४० हजार कुठे लावावेत?

गोदाकाठ (परभणी): आमच्या ग्रामपंचायतीने तंबाखूमुक्तीसाठी ४० हजार बाजूला काढलेत. रॅली, फ्लेक्स, पथनाट्य यातच सगळे जातील असं दिसतंय. गावात साधारण ४०० जण तंबाखू, मिश्री नाहीतर विडीवाले आहेत. याच पैशात जास्त लोकांची सुटेल असं काय करता येईल? आणि पैसे सार्थकी लागले हे मोजायचं कसं?

आरोग्यसेवक_बीड: रॅलीला किती पोरं आली हे मोजू नका. एकूण खर्चाला सहा महिन्यांनंतरही तंबाखूपासून लांब असलेल्यांच्या संख्येने भागा. जो सापडला नाही, तो अजून खातोय असंच धरा. शंभरात दोन-तीन जण आपल्या मनानेच सोडतात, तेही वजा करा.

धूम्रपानावरच्या अभ्यासांत डॉक्टरने तीन मिनिटं स्पष्ट समजावलं तर शंभरात आणखी एक ते तीन जण सोडतात. आकडा लहान वाटतो, पण त्या डॉक्टरचा पगार सरकार देतंच आहे. ४०० जणांत कमीत कमी ४ धरा. नोंदवही, आशाताईंचा मोबदला, फेरभेटी यांवर १२ हजार गेले तरी माणशी ३ हजार पडतात. सुरुवात मात्र मार्च-एप्रिलमध्ये, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की लगेच करा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निम्मं गाव गेलं की फेरतपासणी कुणाची करणार?

दात_लातूर: २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर चघळणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले. तरी फ्लेक्सवर सिगारेटच असते, याचं वाईट वाटतं. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात. "दात कशाने घासता?" विचारा. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली मिश्री लगेच समोर येते. दिवसातून किती वेळा लावता, हेही तेव्हाच लिहून घ्या.

निकोटीन गम (तंबाखूची तलफ कमी करायला चावायचा औषधी गम) सरसकट वाटू नका. ज्याने सोडायची तारीख ठरवली त्यालाच द्या. चघळायची सवय असलेला माणूस तो पानासारखा चावतो आणि रस गिळतो. मग उचकी, जळजळ होते आणि दोन दिवसांत पाकीट फेकून देतो. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा, त्या गेल्या की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही.

कायदा_नांदेड: सगळ्यात स्वस्त उपाय करवाढ. किंमत १० टक्के वाढली की आपल्यासारख्या देशांत खप साधारण ५ टक्के घटतो. पण तो दिल्लीचा विषय. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर सेस लागला, विडी त्यातून सुटली.

पंचायतीच्या हातातलं काम म्हणजे शाळेपासून १०० यार्डांतल्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरमधल्या टपऱ्यांवरची तंबाखूविक्री थांबवणं. वाद मोजणीवरून होतो. टपरीवाला रस्त्याने मोजतो. नियमाप्रमाणे कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचं. टेप लावून पंचनामा करा, मुख्याध्यापकांची सही घ्या, मगच हद्द दाखवणारा पिवळा पट्टा मारा. आणि १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आशाताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. २०१८ पासून ती पाकिटांवर छापतात, पण गावात सुटी विडी आणि सुटी तंबाखू घेणाऱ्याच्या हाती पाकीटच पडत नाही.