अंगावरून फार जातंय, अशोकारिष्ट कोणतं घेऊ?

जाईजुई:
वय ४३. सहा महिने झाले, पाळी नऊ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलीय, ती राहूनच गेली. थायरॉइडची गोळी चालू आहे. चांगलं अशोकारिष्ट सुचवा. बजेट ३०० रुपये.

पेठेतली सून:
३०० रुपयांत काय येतंय! मी वैद्यांकडे ११ हजार घातले. आता पाळीवर घड्याळ लावून घ्यावं.

भटकभवानी:
घरी काढा करायच्या फंदात पडू नका. सोसायटीतल्या उंच अशोकाची साल तासून मी तीन महिने उकळून प्यायले. मग दीर आले, ते वनस्पतीशास्त्र शिकवतात. म्हणाले, "वहिनी, हा तर आसुपालव. औषधी तो सीताअशोक, केशरी-लाल गुच्छांचा." बाजारातल्या सालीतही याचीच भेसळ असते म्हणे.

निवांत:
अरिष्ट म्हणजे दारूच. ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं.

पेठेतली सून:
दारू काय दारू! गूळ आणि धायटीची फुलं, आपोआप आंबतं ते. आमच्या आजेसासूबाई बाळंतपणात दशमूलारिष्ट घ्यायच्या, त्या काय झिंगायच्या?

निवांत:
आंबतं म्हणजे दुसरं काय होतं? असो.

शतपावली:
सीताअशोकाला +१. पण शतावरी कल्पच घ्या. मला दूध भरपूर आलं.

निवांत:
त्या ४३ वर्षांच्या आहेत हो. दूध कशाला?

थेंबथेंब:
मीही सहा महिने अरिष्टावर काढले. शेवटी फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघाला, साडेपाच सेंमीचा. हिमोग्लोबिन ६.८, रक्त चढवावं लागलं. आधी सोनोग्राफी करा. लोहाची गोळी दिली असेल तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्या. मी दोन्ही एकदमच गिळायचे, थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच चढतच गेला.

शतपावली:
हो, सोनोग्राफी कराच. आणि शतावरी.

जाईजुई:
सगळ्यांचे आभार. सोनोग्राफी गुरुवारी ठरवली, पैसे तिकडेच जातील. अशोकारिष्ट रद्द. नणंद म्हणते, जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून खा. झाड दारातच आहे, फुकट.

पेठेतली सून:
कळ्या अनशापोटी घ्यायच्या बरं का.

थेंबथेंब:
अनशापोटी थायरॉइडची गोळी असते हो त्यांची!